सोनोग्राफीतला हार्मोनिक मोड

परवा नारायणगुड्यात एका काकूंची सोनोग्राफी करत होते. पोटावर चरबी जास्त, त्यामुळे पित्ताशय धुरकट दिसत होतं. हार्मोनिक मोड लावला आणि आतला बारीक खडा, त्यामागची काळी सावली लख्ख उठून दिसली.

कसं? प्रोब समजा २ मेगाहर्ट्‌झची ध्वनिलहर पाठवतो. शरीरातून जाताना तिचा आकार बदलत जातो आणि दुप्पट, ४ मेगाहर्ट्‌झची हार्मोनिक लहर तयार होते. चित्र तिच्यावरूनच बनतं. कातडीजवळ ती जेमतेम असते, म्हणून चरबीतले नको ते प्रतिध्वनी गळतात.

माझी आवडती युक्ती पल्स इन्व्हर्जन: पाठोपाठ एकमेकींच्या उलट अशा दोन लहरी पाठवून प्रतिध्वनींची बेरीज करायची. मूळ लहर खोडली जाते, हार्मोनिक उरते. फ्रेम रेट मात्र घटतो.