जुन्नरच्या जनानखान्यातील रुग्ण : फ्रायरच्या प्रवासवृत्तातील एक नोंद

साहित्यातील व इतिहासातील आजारी, तसेच प्रकृतीच्या चिंतेने ग्रासलेल्या व्यक्तींचा विचार करताना त्यांच्या दुखण्याची नोंद कोणी केली, हा प्रश्न बहुधा बाजूला राहतो. जुन्नरशी संबंधित एका प्रसंगात तो टाळता येत नाही.

ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य जॉन फ्रायर १६७५ मध्ये मुंबईहून घाट चढून जुन्नरला आला. शिवराज्याभिषेकास वर्ष होत आले होते. शिवजन्माचा शिवनेरी मात्र अद्याप मोगलांकडे होता. तेथील मोगल अधिकाऱ्याच्या जनानखान्यात फ्रायरला उपचारासाठी नेण्यात आले. पडद्याआडून प्रथम एका धडधाकट दासीचा हात पुढे आला. नाडी निरोगी असल्याचे त्याने सांगितले, तेव्हा ही आपली परीक्षा होती हे त्याला कळले. मग खऱ्या रुग्णाची क्षीण नाडी त्याच्या हाती आली. नाडीपरीक्षा ही येथील वैद्य-हकिमांची कसोटी. परक्या वैद्यालाही तीच लावली गेली, ही बाब वसाहतकालीन वैद्यकाच्या अभ्यासकांनी ध्यानात घ्यावी अशी आहे.

पुढे रक्त काढतेवेळी पडदाच गळून पडला आणि आतील स्त्रिया उघड्यावर आल्या. हा गोंधळ फ्रायरने चवीने रंगवला आहे. मोबदल्यात मिळालेल्या सुवर्णनाण्यांचाही उल्लेख केला आहे. रुग्ण स्त्रीचे नाव मात्र त्याच्या १६९८ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नाही.

याच सुमारास, फेब्रुवारी १६७३ मध्ये, मोलियरचे 'काल्पनिक रोगी' हे नाटक पॅरिसच्या रंगभूमीवर आले. रक्तस्राव व रेचके यांवर जगणाऱ्या वैद्यांची त्यात यथेच्छ टवाळी आहे. तेथे थट्टेचा विषय झालेली चिकित्सा जुन्नरला सोन्याच्या मोलाने घेतली जात होती. दैवदुर्विलास असा, की रोगाचा बाऊ करणाऱ्या नायकाची भूमिका करणारा मोलियर स्वतः खरोखर आजारी होता. चौथ्या प्रयोगानंतर त्याच रात्री त्याचे निधन झाले.

मोलियरचा नायक निदान स्वतःच्या तोंडाने कण्हतो. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ'मधील 'उपास'चा निवेदकही आपल्या वजनाची चिंता स्वतःच सांगतो. जुन्नरच्या त्या स्त्रीला नाजूक प्रकृतीची म्हणावे की दुखण्याचे निमित्त करणारी, हे ठरविण्यास आधारच नाही. आपल्यापर्यंत पोहोचला आहे तो केवळ पडद्याबाहेर आलेला तिचा हात.