आधी माप, मग मशीन

घराच्या गॅरेजमध्ये किंवा गच्चीवरच्या खोलीत लोखंडकामाचा छंद मांडायचा म्हटलं, की पहिला प्रश्न येतो तो लेथ कुठला घ्यायचा हा. प्रश्न साहजिक आहे. पण मशीन जितकं मोठं तितकं काम अचूक, हे त्यामागचं गृहीतक मात्र तपासून घ्यायला हवं. छंदासाठी केलेल्या कामात अचूकपणा मशीनच्या वजनातून कमी आणि मोजण्या-पकडण्याच्या साधनांतून जास्त येतो, असं माझं मत आहे. म्हणून पहिला पैसा डायल इंडिकेटर, मायक्रोमीटर, सरफेस प्लेट आणि चांगला फोर-जॉ चक यांच्यावर जावा. उरलेल्या पैशांत बसेल तो लेथ घ्यावा.

चकचंच उदाहरण घेऊ. थ्री-जॉ चकचे तिन्ही जबडे एकदम सरकतात, म्हणून जॉब पटकन धरला जातो. पण नेहमीच्या चकवर तो मध्यापासून थोडा बाजूला बसतोच. एका टोकाकडून कापलेला जॉब उलटा धरून दुसरीकडून कापला, की दोन्ही व्यासांचा मध्य जुळत नाही. फोर-जॉ चकचा प्रत्येक जबडा वेगळा हलतो. डायलचं टोक जॉबला टेकवायचं, चक हाताने सावकाश फिरवायचा आणि काटा सर्वांत वर नि सर्वांत खाली कुठे जातो ते पाहायचं. फरक 0.20 मिमी आला तर जॉब मध्यापासून 0.10 मिमी सरकलेला आहे. मग काटा खाली जातो त्या बाजूचा जबडा जरा सैल करायचा, समोरचा तेवढाच आवळायचा आणि पुन्हा फिरवायचं. (किल्ली चकमध्येच विसरून मोटर चालू करणं हा लेथवरचा सर्वांत जुना आणि सर्वांत महागात पडणारा गाफीलपणा.) थोड्या सवयीने काटा 0.01 मिमीच्या आत स्थिरावतो. चक तयार करणाऱ्याने न दिलेला अचूकपणा इथे मोजमापाने मिळतो.

इतिहासही याच बाजूने बोलतो. अचूक मशीन बनवायला आधी अचूक मशीन लागत असेल, तर पहिलं आलं कुठून? जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने 1840 साली सपाट पृष्ठभाग तयार करण्यावर निबंध वाचला. त्या रीतीत याचं उत्तर आहे. दोनच प्लेटा एकमेकींशी जुळवल्या तर एक किंचित फुगीर आणि दुसरी किंचित खोलगट राहूनही त्या चपखल बसतात. तिसरी प्लेट घेतली आणि प्रत्येक जोडी जुळेपर्यंत रंग लावून दिसणारे उंचवटे खरवडत गेलं, की तिन्ही सपाट झाल्याशिवाय गत्यंतर नसतं. रंग, खरवडणी आणि चिकाटी एवढंच भांडवल. मशीनच्या बेडची सरळता पुढे अशाच प्लेटांवर पारखली गेली.

यावर जाणकार टर्नर म्हणेल, की हलकं मशीन थरथरतं, त्याला तुमचा मायक्रोमीटर काय करणार? आक्षेप अर्धा खरा आहे. चाळीसेक किलोच्या मिनी लेथवर खोल कट घेता येत नाही आणि पार्टिंग टूलने जॉब तोडताना तर त्याचा खरा कस लागतो. तिथे वजनाला पर्याय नाही. पण कारखान्यात मिनिटाचा हिशेब असतो, छंदात नसतो. धारदार हायस्पीड टूलने 0.1 मिमीचे चार कट घेतले तर बिघडतं कुणाचं? शिवाय स्वस्तात मिळतो म्हणून घेतलेला जुना जड लेथ बहुधा चकजवळ झिजलेला असतो, कारण बहुतेक काम तिथेच होतं. तिथली ढिलाई काढायला सॅडल आवळलं तर ते टेलस्टॉकच्या बाजूला अडकतं. ही झीज नुसत्या डोळ्यांना क्वचितच दिसते. जाडसर सळई कापून दोन्ही टोकांचे व्यास मायक्रोमीटरने ताडून पाहिले, की मशीनचं खरं रूप कळतं.

दुसरा आक्षेप नव्या पिढीचा: डिजिटल रीडआउट लावला की झालं. तो सोयीचा आहे, यात वाद नाही. पण तो सांगतो स्लाइड कुठे आहे ते. टूलची धार नेमकी कुठे कापते आहे ते नाही. टूल दाबाखाली मागे रेलतं, झिजतं. जॉब तापतो. 50 मिमी व्यासाचा पोलादी जॉब 40 अंशांनी तापला तर सुमारे 0.02 मिमी फुगतो. गरम असताना बरोबर भरलेलं माप थंड झाल्यावर कमी येतं, आणि त्यावर दाबून बसवायचं बेअरिंग सहज सरकत जातं. जॉब थंड होऊ द्यायचा, मोजायचा, मग शेवटचा कट घ्यायचा. पडद्यावरचे आकडे हे काम करत नाहीत.

राहता राहिला व्यवहारी प्रश्न: कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा भोसरीत काम करून घेता येत असताना घरी हा पसारा कशाला? मोठं, जड काम बाहेरच द्यावं, त्यात कमीपणा नाही. पण तिथे गेल्यावर पहिला प्रश्न येतो, शाफ्ट किती आणि बोअर किती ठेवू? ‘साधारण वीस’ म्हणून भागत नाही. त्या शाफ्टवर बुश फिरता हवा की घट्ट, हे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या दोन-चार घरांत ठरतं, आणि तो आकडा गिऱ्हाइकाला आपल्याच मायक्रोमीटरवर वाचून न्यावा लागतो.