पेशीची सामायिक खातेवही

पावसाळा सुरू झाला की पैठणच्या नाथसागराचे आकडे मराठवाड्यात घरोघर वाचले जातात. वरच्या धरणांतून किती पाणी सुटले, जलाशयात आवक किती झाली, साठा किती टक्क्यांवर गेला, याची चर्चा चहाच्या टपरीपासून शाळेच्या शिक्षकखोलीपर्यंत चालते. गोदावरीवरील या जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. धरणाला २७ दरवाजे असून जलाशयाची एकूण क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर आहे.

एवढ्या मोठ्या जलाशयाचा हिशेब मात्र अगदी सोप्या नियमाने चालतो. कालचा साठा घ्यावा, त्यात आलेले पाणी मिळवावे आणि गेलेले पाणी वजा करावे. आजचा साठा मिळतो. गेलेल्या पाण्यात कालव्यांचे पाणी आले, नदीत सोडलेले आले, पिण्यासाठी व कारखान्यांसाठी उचललेले आले, तसेच उन्हाने वाफ होऊन गेलेलेही आले. आवक आणि जावक सारखी असेल तर पाणी सतत वाहत असूनही पातळी स्थिर राहते.

विद्यार्थी मित्रांनो, हाच नियम सजीवांच्या पेशीलाही लागू पडतो. तो वापरून शास्त्रज्ञ पेशीचा जमाखर्च मांडतात. ही खातेवही एकाने लिहिली तर ती दुसऱ्याला जशीच्या तशी वाचता यावी, यासाठी गेली पंचवीस वर्षे जगभर खटपट चालू आहे. त्या खटपटीची ओळख या लेखात करून घेऊ.

पेशीतील आवक-जावक

पेशी बाहेरून अन्न घेते, ते मोडून ऊर्जा मिळवते आणि त्याच मालातून स्वतःचे नवे भाग बांधते. या सर्व रासायनिक घडामोडींना मिळून चयापचय म्हणतात. यातील बहुतेक प्रत्येक क्रिया घडवून आणण्यासाठी एक विशिष्ट प्रथिन लागते. त्याला विकर किंवा एन्झाइम म्हणतात. विकर कसे तयार करायचे याची माहिती जनुकात असते. म्हणजे जनुकांची यादी हाती आली की विकरांची यादी करता येते, आणि विकरांच्या यादीवरून पेशीत कोणकोणत्या क्रिया होऊ शकतात हे कळते.

आता पाव फुगवणाऱ्या यीस्टचे उदाहरण घेऊ. यीस्टची पेशी ग्लुकोजच्या एका रेणूपासून पायरुवेट या पदार्थाचे दोन रेणू बनवते. समजा, ठरावीक वेळात तिने ग्लुकोजचे १० रेणू मोडले. पायरुवेटचे २० रेणू तयार झाले. त्यांपैकी १६ रेणूंपासून अल्कोहोल व कार्बन डायॉक्साइड बनले. पायरुवेटचा साठा वाढतही नाही आणि घटतही नाही असे धरले, तर उरलेले ४ रेणू दुसऱ्या वाटेने गेलेच पाहिजेत. ते मोजण्यासाठी पेशी फोडून आत पाहावे लागले नाही. हिशेबानेच ते कळले.

प्रत्येक पदार्थासाठी असे एक समीकरण लिहिले की शेकडो समीकरणे होतात. यालाच पेशीच्या चयापचयाची गणिती प्रतिकृती म्हणतात. शाळेत आपण एकसामयिक समीकरणे सोडवतो. तेथे दोन अज्ञाते असली तर दोन समीकरणे देतात. पेशीच्या बाबतीत मात्र क्रिया पदार्थांहून जास्त असतात, त्यामुळे अज्ञाते समीकरणांहून अधिक होतात आणि एकाऐवजी असंख्य उत्तरे निघतात. मग पेशीला बाहेरून किती अन्न मिळते याची मर्यादा घालतात आणि या उत्तरांपैकी ज्यात पेशीची वाढ जास्तीत जास्त होते ते निवडतात. यासाठी रेषीय नियोजनाची पद्धत वापरतात. संगणकाला हे काम काही क्षणांचे असते.

या हिशेबाचा उपयोग काय? एखादा कालवा बंद केला तर कोणती शेते कोरडी पडतील हे नकाशावरून सांगता येते. तसेच प्रतिकृतीत एखादी क्रिया शून्य करून पाहता येते. तेवढ्याने पेशीची वाढ थांबली, तर त्या क्रियेचे विकर पेशीला अत्यावश्यक आहे असा अंदाज बांधता येतो. ती पेशी रोगजंतूची असेल तर त्या विकराला अडवणारा पदार्थ औषध ठरू शकतो.

एकाच जंतूच्या अनेक वह्या

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये दाखवून दिला. त्याचा संपूर्ण जनुकसंच १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ४,००० जनुके आहेत. हा विषय आपल्या जिव्हाळ्याचा आहे, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार जगातील नव्या क्षयरुग्णांपैकी सुमारे २६ टक्के भारतात आहेत.

या जंतूभोवती मायकोलिक आम्लांचे मेणासारखे जाड कवच असते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक रामन, प्रीती राजगोपालन आणि नागसुमा चंद्र यांनी हे कवच तयार होण्याच्या मार्गाची गणिती प्रतिकृती २००५ मध्ये प्रसिद्ध केली. आयसोनियाझिड हे क्षयावरील जुने औषध याच मार्गातील एका विकराला अडवते.

पुढे २००७ मध्ये संपूर्ण जंतूच्या चयापचयाच्या दोन प्रतिकृती वेगवेगळ्या ठिकाणांहून प्रसिद्ध झाल्या. इंग्लंडमधील सरे विद्यापीठाच्या प्रतिकृतीत ७२६ जनुके होती. अमेरिकेतील जमशिदी आणि पॉलसन यांच्या प्रतिकृतीत ६६१. जंतू एक आणि वह्या दोन! कोणत्या जनुकाचे काम काय, कोणत्या क्रियेला पुरेसा पुरावा आहे, याविषयी प्रत्येक गटाने आपापला निर्णय घेतला होता. यात चूक काहीच नाही. पण दोन वह्या शेजारी ठेवून फरक कोठे आहे ते पाहता आले पाहिजे, आणि खरी अडचण तेथेच येते.

एक पदार्थ, अनेक नावे

ही अडचण समजण्यासाठी पुन्हा पैठणला जाऊ. जायकवाडी, नाथसागर आणि पैठणचे धरण ही नावे एकाच पाण्याविषयी बोलताना वापरली जातात, हे आपल्याला ठाऊक असते. संगणकाला ते ठाऊक नसते. तीन नावांच्या तीन नोंदी दिल्या तर तो तीन जलाशय मोजील. पेशीच्या वह्यांत असेच होते. ग्लुकोजला कोणी पूर्ण नावाने लिहितो, कोणी तीन अक्षरांत, कोणी डेक्स्ट्रोज म्हणतो.

दुसरी अडचण एककांची. नाथसागराची क्षमता २,९०९ आहे असे एकाने लिहिले आणि १०२.७३ आहे असे दुसऱ्याने लिहिले, तर दोघेही बरोबर असू शकतात. पहिला आकडा दशलक्ष घनमीटरांचा आहे, दुसरा टीएमसीचा, म्हणजे अब्ज घनफुटांचा. एक टीएमसी म्हणजे २८.३१७ दशलक्ष घनमीटर. गुणाकार करून पाहा, आकडे जुळतील. पण एककच लिहिले नसेल तर हिशेब तेथेच चुकतो.

तिसरी अडचण गहाळ आकड्यांची. प्रतिकृती पूर्वी बहुधा छापील निबंधातून इतरांपर्यंत पोहोचत असे. वाचणारा समीकरणे पाहून स्वतःच्या संगणकात पुन्हा उतरवून घेई. उतरवताना एखादे उणे चिन्ह सुटे, तर कधी सुरुवातीला कोणता पदार्थ किती होता हे निबंधात दिलेलेच नसे. मग मूळ लेखकाचे उत्तर मिळत नसे, आणि चूक आपली की त्यांची, हेही समजत नसे.

सर्वांची एक लिपी

यावर उपाय म्हणून काही संशोधकांनी २००० साली एकत्र येऊन विचार सुरू केला. त्यातून एसबीएमएल, म्हणजे सिस्टिम्स बायॉलॉजी मार्कअप लँग्वेज, ही लिहिण्याची समान पद्धत तयार झाली. तिचे पहिले रूप २००१ मध्ये जाहीर झाले आणि मायकेल हका व त्यांच्या अनेक सहकाऱ्यांनी २००३ मध्ये त्याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. या पद्धतीत पेशीचे कप्पे, पदार्थ, क्रिया, स्थिरांक आणि एकके यांसाठी वेगवेगळ्या जागा ठरवून दिलेल्या आहेत. बँकेच्या छापील स्लिपेवर नाव, तारीख आणि रक्कम यांचे रकाने ठरलेले असतात, तसेच हे. त्यामुळे एका गटाची प्रतिकृती दुसऱ्या गटाच्या संगणकात न उतरवता थेट वाचता येते.

नावांचा घोळ मिटवण्यासाठी प्रत्येक पदार्थाला सार्वजनिक सूचीतील क्रमांक जोडण्याचा नियम २००५ मध्ये सुचवण्यात आला. नाव काहीही लिहा, क्रमांक एकच असला की पदार्थ एकच. त्याच वर्षी इंग्लंडमधील युरोपियन बायोइन्फर्मेटिक्स इन्स्टिट्यूट येथे ‘बायोमॉडेल्स’ हा संग्रह सुरू झाला. हे प्रतिकृतींचे विनामूल्य ग्रंथालयच आहे. तेथील जाणकार प्रतिकृती स्वतः चालवून पाहतात आणि निबंधातील आलेख तिच्यातून पुन्हा निघतो की नाही हे तपासतात. निघाला तरच तिला तपासलेल्या प्रतिकृतींच्या विभागात स्थान मिळते.

या तपासणीची गरज किती होती, हे २०२१ मध्ये स्पष्ट झाले. कृष्णकुमार तिवारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध झालेल्या ४५५ प्रतिकृती पुन्हा चालवून पाहिल्या. निबंधात दिलेल्या माहितीवरून त्यांपैकी सुमारे निम्म्या, ४९ टक्के, चालल्याच नाहीत. अंदाजाने दुरुस्त्या करून किंवा मूळ लेखकांना विचारून आणखी थोड्या चालल्या. बाकीच्या अखेरपर्यंत चालल्या नाहीत. हे निबंध लिहिणारे अनुभवी संशोधक होते आणि ते प्रसिद्ध होण्यापूर्वी इतर तज्ज्ञांनी वाचलेही होते. तरीही प्रतिकृती दुसऱ्याच्या हाती देऊन पाहिल्याशिवाय तिच्यातील उणीव कळत नाही, हेच यावरून दिसून आले.

विद्यार्थ्यांचा हातभार

क्षयजंतूच्या वहीचा पुढचा भाग आपल्या देशात लिहिला गेला. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने २००८ मध्ये क्षयावरील औषधांसाठी एक खुला उपक्रम सुरू केला. जे काम होईल ते सर्वांना पाहता यावे, असे त्याचे धोरण होते. त्यात देशातील शेकडो स्वयंसेवकांनी भाग घेतला आणि त्यांत विद्यार्थी पुष्कळ होते. प्रसिद्ध निबंध वाचून जंतूच्या एकेका जनुकाचे काम काय, याची नोंद त्यांनी ठरलेल्या पद्धतीने केली. पुढे २०१४ मध्ये या उपक्रमातून ८९० जनुकांची प्रतिकृती प्रसिद्ध झाली. त्यानंतर २०१८ मध्ये अमेरिकेतील एका गटाने आधीच्या प्रतिकृतींतील माहिती एकत्र करून आणि नावे एका सूचीप्रमाणे लावून १,०११ जनुकांची प्रतिकृती तयार केली. ६६१ पासून १,०११ पर्यंतची ही वाटचाल एका गटाने स्वतःच्या कपाटात वही ठेवून झाली नसती.

महाराष्ट्रातही असे काम झाले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील अभिषेक सुब्रमण्यन आणि राम रूप सरकार यांनी लेश्मानिया इन्फॅन्टम या परजीवीच्या चयापचयाच्या प्रतिकृती २०१५ आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध केल्या. काळाआजार ज्या गटातील परजीवींमुळे होतो, त्याच गटातील हा परजीवी. त्यांच्या पहिल्या प्रतिकृतीचे नाव ‘आयएएस१४२’ असे आहे. ‘आय’ म्हणजे संगणकातील, ‘एएस’ ही कर्त्याची आद्याक्षरे आणि १४२ ही जनुकांची संख्या. नाव ठेवण्याचा हा संकेत जगभर पाळला जातो.

अर्थात, प्रतिकृती म्हणजे प्रत्यक्ष पेशी नव्हे. प्रयोगशाळेच्या काचपात्रात जंतूला जे अन्न मिळते ते माणसाच्या फुप्फुसात मिळेलच असे नाही. एखादे विकर अत्यावश्यक आहे असे हिशेबाने निघाले तरी ते प्रयोगाने पडताळावे लागते, आणि तेथून औषध हाती येईपर्यंत बरीच वर्षे जातात. मात्र हजारो क्रियांपैकी आधी कोणत्या तपासाव्यात हे ठरवण्यास प्रतिकृती मदत करते. तीच चुकीची उतरवली गेली, तर प्रयोगशाळेतील पुढची मेहनत भलत्याच दिशेला जाते.

एक प्रयोग करून पाहा

आपल्या घरातील पाण्याच्या टाकीची प्रतिकृती तयार करा. टाकीत पाणी किती, नळ किती वेळ आणि कोणत्या वेगाने चालतो, कोणत्या कामाला किती पाणी लागते, हे एका कागदावर लिहा. त्यावरून उद्या संध्याकाळी टाकीत किती पाणी उरेल ते काढा आणि उत्तर दुसऱ्या कागदावर लिहून बाजूला ठेवा. मग पहिला कागद वर्गातील मित्राला किंवा मैत्रिणीला द्या. तुम्हाला काहीही न विचारता त्यांनी उत्तर काढायचे.

बहुधा त्यांना तुमच्याकडे यावेच लागेल. बादली किती लिटरची? टाकी भरली की नळ बंद होतो का? ‘सकाळ’ म्हणजे किती वाजता? हे सर्व प्रश्न लिहून घ्या, कागदात त्यांची उत्तरे भरा आणि तो तिसऱ्याला द्या. एकही प्रश्न न विचारता त्याचे उत्तर तुमच्या उत्तराशी जुळले, तर तुमची प्रतिकृती खऱ्या अर्थाने दुसऱ्याच्या उपयोगाची झाली असे समजावे. शिक्षकांनी हा प्रयोग सर्व वर्गाकडून करून घेतला आणि कोणत्या कागदावर किती प्रश्न आले हे फळ्यावर मांडले, तर आणखी चांगले.