वाढत्या करडांचा आहार

शेळी व्याली आणि दोन करडे झाली की घरात आनंद होतो. मुलांची फी, औषधपाणी, एखादे कार्य यांचा हिशेब त्या दोन जीवांवर मनातल्या मनात मांडला जातो. परंतु वर्षभराने बाजाराला नेताना एक करडू पंचवीस किलो भरते आणि त्याच आईचे दुसरे पंधराच किलो भरते. आपण म्हणतो, ‘याची जातच बारकी.’ वास्तविक दोष बहुतेक वेळा जातीचा नसतो, पहिल्या काही महिन्यांतील उपासमारीचा असतो. त्या काळात खुंटलेली वाढ पुढे कितीही खाऊ घातले तरी पूर्णपणे भरून निघत नाही.

आपल्या मराठवाड्यातील शेळी मुख्यत्वे उस्मानाबादी. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद), लातूर या भागातील ही काळ्या रंगाची, काटक शेळी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातही घरोघरी दिसते. तिला जुळी करडे वारंवार होतात. जन्मतः करडाचे वजन अडीच किलोच्या आसपास असते. २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात एक कोटीहून अधिक शेळ्या आहेत आणि त्यांतील बऱ्याचशा भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबांच्या दारात आहेत. ज्यांच्याजवळ स्वतःची जमीन नाही, त्यांची शेळी गायरानावर, बांधावर व नाल्याकाठी चरून पोट भरते. अशी मोकळी जागा जिथे कमी झाली आहे, तिथे करडाच्या पोटाचा विचार आपल्यालाच करावा लागतो.

करडाचे पोट

शेळीला पोटाचे चार कप्पे असतात. मोठ्या शेळीत पहिला कप्पा, म्हणजे कोठीपोट, सर्वांत मोठा असतो. तेथे असंख्य सूक्ष्म जीव चारा कुजवतात व त्यातूनच शेळीला शक्ती मिळते. नुकत्याच जन्मलेल्या करडाचे कोठीपोट मात्र लहान व निष्क्रिय असते. प्यालेले दूध त्याला वगळून थेट चौथ्या कप्प्यात जाते. म्हणून सुरुवातीला करडू चाऱ्यावर जगू शकत नाही. साधारण दोन आठवड्यांनंतर ते पाला कुरतडू लागते आणि सहा ते आठ आठवड्यांत कोठीपोट कामाला लागते. थोडा भरडा व कोवळा पाला लवकर चाखायला मिळाला तर ही तयारी लवकर होते. केवळ दुधावर ठेवलेले करडू दूध तोडताच खंगते, त्याचे कारण हेच आहे.

चीक आणि दूध

करडाचा आहार खरे तर जन्माआधी सुरू होतो. शेळी सुमारे पाच महिने गाभण असते आणि पोटातील करडाची बहुतांश वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. त्या काळात तिला रोज दोनशे ते अडीचशे ग्रॅम खुराक द्यावा.

जन्मल्यावर अर्ध्या ते एक तासात करडाला चीक पाजावा. वार पडेपर्यंत थांबू नये. माणसाच्या बाळाला रोगप्रतिकारक द्रव्ये काही प्रमाणात गर्भातच मिळतात, करडाला ती मिळत नाहीत. ती फक्त चिकातून मिळतात आणि चोवीस तासांनंतर आतडे ती शोषून घेत नाही. पहिल्या दिवशी वजनाच्या दहावा हिस्सा, म्हणजे अडीच किलोच्या करडाला पाव लिटर चीक, तीन-चार वेळा मिळून पोटात गेला पाहिजे.

पुढेही पहिले काही आठवडे रोज वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतके दूध हे प्रमाण धरावे. आता जुळ्यांचा हिशेब करून पाहा. दोन्ही करडे पाच-पाच किलोंची झाली की त्यांना मिळून रोज एक लिटर दूध लागते. उस्मानाबादी शेळी साधारण अर्धा ते दीड लिटरच दूध देते. म्हणजे चहापुरते म्हणून काढलेले पावशेर दूध करडाच्या वाट्यातूनच जाते. त्यातही अशक्त करडाला दांडगे करडू ढकलून देते. अशक्त करडाला आधी, हाताने धरून पाजावे. शेळी दिवसभर चरायला आणि करडे संध्याकाळपर्यंत डालग्याखाली, अशी पद्धत असेल तर दुपारी एकदा तरी पाजण्याची सोय करावी. तेही शक्य नसेल तर करडांजवळ स्वच्छ पाणी आणि दावणीला टांगलेला पाला ठेवावा.

खुराक

दोन-तीन आठवड्यांपासून करडांना भरडा चाखवावा. घरी दहा किलो खुराक करायचा असेल तर मका किंवा ज्वारीचा भरडा चार किलो, शेंगदाणा पेंड तीन किलो, गव्हाचा कोंडा दोन किलो सातशे ग्रॅम, खनिज मिश्रण दोनशे ग्रॅम व मीठ शंभर ग्रॅम घ्यावे. यात प्रथिने सुमारे वीस टक्के येतात. मांस, रक्त, हाडांचा सांगाडा सारे प्रथिनांवर वाढते, म्हणून लहान करडाला मोठ्या शेळीपेक्षा प्रथिनांचे प्रमाण अधिक लागते. तीन महिन्यांनंतर पेंड दोन किलो करून कोंडा किंवा तुरीची चुणी एक किलोने वाढवली तरी चालते.

प्रमाण असे ठेवावे: तीन महिन्यांपर्यंत हळूहळू वाढवत रोज ५० ते १०० ग्रॅम, तीन ते सहा महिने १०० ते १५० ग्रॅम, त्यापुढे २०० ते २५० ग्रॅम. आपल्या भागात सरकी पेंड सहज मिळते, पण तीन महिन्यांखालील करडाला ती देऊ नये. सरकीतील विषारी द्रव्य निष्प्रभ करणारे कोठीपोट त्या वयात तयार झालेले नसते. बुरशी आलेली शेंगदाणा पेंडही फेकून द्यावी.

चारा

वाढत्या करडाला रोज वजनाच्या सुमारे चार टक्के कोरडा आहार लागतो, म्हणजे पाणी वजा जाता उरणारा. पंधरा किलोच्या करडाला तो सहाशे ग्रॅम होतो. हिरव्या चाऱ्यात सुमारे पाऊण हिस्सा पाणी असते हे लक्षात ठेवावे. दीडशे ग्रॅम खुराक, दोनशे ग्रॅम तूर किंवा हरभऱ्याचे भुसकट आणि सव्वा किलोच्या आसपास हिरवा पाला, एवढ्यात त्याची गरज भागते.

शेळी गायीसारखी खाली मान घालून गवत खात नाही, मान उंचावून पाला ओरबाडते. शेवरी, हादगा, शेवगा, बोर, बाभूळ यांचा पाला तिला आवडतो व त्यात प्रथिने आणि चुनाही असतो. सुबाभूळ चांगले, परंतु हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा अधिक नको, कारण त्यातील एका द्रव्याने केस गळतात व वाढ थांबते. शेवरीची एक ओळ बांधावर किंवा सांडपाण्याच्या कडेला लावायला मोठी जमीन लागत नाही. पाला जुडी बांधून टांगावा. जमिनीवर टाकलेला, लेंड्यांनी माखलेला पाला शेळी खात नाही आणि तो खाल्ला तर जंत होतात.

काय टाळावे

लग्नाच्या किंवा कार्यक्रमाच्या पंगतीतील उरलेला भात, पोळ्या मायेने करडांपुढे टाकल्या जातात. हे अन्न कोठीपोटात एकदम आंबते, आम्ल वाढते, रवंथ बंद पडते आणि जनावर दगावू शकते. कोणताही नवा आहार आठ-दहा दिवसांत थोडा थोडा वाढवावा.

पहिल्या पावसानंतर कोवळे हिरवे गवत किंवा भरपूर धान्य एकदम मिळाले की आतड्यातील जंतू बेसुमार वाढून विष तयार करतात. कळपातील सर्वांत धष्टपुष्ट करडू सकाळी मेलेले आढळते. लोक म्हणतात, नजर लागली. ही नजर नव्हे, आंत्रविषार आहे आणि पावसाळ्यापूर्वी टोचलेली लस त्यापासून वाचवते. कोवळ्या ज्वारीच्या फुटव्यातही विष असते. तिकडे करडे सोडू नयेत.

पाट आणि बोकड

बकरी ईदच्या बाजारासाठी बोकडाला खाऊ घातले जाते आणि मादी करडाला, म्हणजे पाटीला, उरलेसुरले मिळते. यात दोन्हीकडे चूक होते. बोकडाला नुसते धान्य घातल्याने शरीरात स्फुरद वाढून लघवीच्या मार्गात खडे होतात. त्याला भरपूर पाणी व चुना असलेला पाला हवाच. पाट उपाशी राहिली तर उद्याची आईच खुजी होते. तिचे दूध कमी, तिची करडे अशक्त, आणि घराचे नुकसान पिढ्यान्‌पिढ्या चालते. पाट मोठ्या शेळीच्या वजनाच्या दोन-तृतीयांश, म्हणजे साधारण बावीस-तेवीस किलोंची झाल्यावरच बोकडाला दाखवावी.

मोजमाप

हे सारे नीट चालले आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही, काट्याला कळते. दोन-तीन कुटुंबांनी मिळून एक ताणकाटा घ्यावा. दर पंधरा दिवसांनी करडू झोळीत घालून वजन करावे आणि शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वहीत लिहून घ्यावे. चांगल्या संगोपनात उस्मानाबादी करडू पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला साठ ते ऐंशी ग्रॅम, म्हणजे पंधरवड्याला सुमारे एक किलो वाढते. वाढ त्याहून पुष्कळ कमी असेल तर दूध, खुराक, जंत या क्रमाने तपासावे व पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. १९७८ साली स्थापन झालेल्या शेळी-मेंढी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र शहराजवळ पडेगाव येथे आहे. अधिक माहितीसाठी तेथेही विचारणा करावी.

वजनाची वही असलेला माणूस बाजारात व्यापाऱ्याच्या अंदाजावर अवलंबून राहत नाही. आपले जनावर किती किलोचे आहे हे त्याला आधीच ठाऊक असते, आणि ते तसे का झाले हेही.