पिवळ्या पानांचे मूळ चुनखडीत

पुणे, सोलापूर परिसरातील चुनखडीयुक्त काळ्या मातीत लावलेल्या गुलाबाची, मोगऱ्याची किंवा लिंबाची कोवळी पाने पिवळी पडतात. शिरा मात्र हिरव्याच राहतात. अशा वेळी अनेक जण युरिया देतात. वास्तविक नत्र कमी पडले, तर आधी जुनी पाने पिवळी होतात. येथे उणीव असते ती लोहाची, तीही बहुधा मातीत भरपूर लोह असताना! मातीचा सामू ८ च्या आसपास गेला, की लोह अविद्राव्य होते आणि मुळांना ते घेता येत नाही. म्हणूनच नुसते हिराकस मातीत टाकणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. त्याऐवजी लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस व चिमूटभर लिंबूसत्त्व विरघळवून सायंकाळी पानांवर फवारावे. प्रथम एकाच फांदीवर, कारण कोवळी पाने करपू शकतात. नवी पालवी पुन्हा पिवळी आली, तर फवारणीही पुन्हा करावी लागते. मातीतूनच लोह द्यायचे असल्यास 'ईडीडीएचए' प्रकारचे चिलेट घ्यावे. ते महाग असते. पण स्वस्तातले 'ईडीटीए' अशा मातीत लोह धरून ठेवत नाही. गंधकाने सामू उतरतो हे खरे, परंतु चुनखडी भरपूर असेल तर त्याचा प्रभाव फारसा पडत नाही. कुजलेले शेणखत मात्र अवश्य मिसळावे. आळ्यात पाणी तुंबू देऊ नये. ओल साचली, की हाच पिवळेपणा बळावतो.