दर्या आणि कायदा (लेखांक ६) : जुना झेंडा उतरल्याशिवाय

खुल्या समुद्रावर कोणत्याच देशाचे राज्य नसते. म्हणून तिथे जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला कोणत्या तरी देशाचा कायदा बरोबर न्यावा लागतो आणि झेंडा ही त्याची खूण असते, हे गेल्या लेखांकात पाहिले. मग जहाजच विकले गेले, तर त्या कायद्याचे काय होते? ब्रिटनमध्ये राहणाऱ्या एखाद्या हौशी दर्यावर्दीने फ्रान्सच्या किनाऱ्यावर दहा-अकरा मीटरची जुनी शिडाची नौका विकत घेतली, असे समजू. विक्रीखत झाले, पैसे पोहोचले, किल्ल्या हातात आल्या. नौका त्याची झाली, पण तिचा झेंडा त्याचा झाला नाही, कारण मालकी दोन माणसांमधल्या व्यवहाराने बदलते आणि झेंडा सरकारी नोंदवहीतून मिळतो. बहुतेकांना वाटते की आपल्या देशाच्या नोंदणी कार्यालयात अर्ज टाकला की काम झाले. माझे म्हणणे उलट आहे. नवी नोंद मिळवणे हे या कामातले सोपे अंग आहे. घोटाळे होतात ते जुनी नोंद रीतसर बंद झालेली नसते म्हणून.

कायद्याचा पाया 1982 च्या संयुक्त राष्ट्र सागरी कायदा करारात आहे. आपला झेंडा कोणत्या अटींवर द्यायचा हे प्रत्येक देशाने ठरवावे, असे त्याचे कलम 91 सांगते. मात्र देश आणि जहाज यांच्यात खरा संबंध असला पाहिजे, असेही त्यात म्हटले आहे. कलम 92 अधिक कडक आहे. जहाजाने एकाच देशाच्या झेंड्याखाली चालावे. मालकी खरोखर बदलली असेल किंवा नोंदणी बदलली असेल, तरच प्रवासात किंवा वाटेतल्या बंदरात झेंडा बदलता येतो. आणि जे जहाज सोयीप्रमाणे कधी हा तर कधी तो झेंडा लावते, त्याला त्यांपैकी कोणत्याच देशाचे राष्ट्रीयत्व सांगता येत नाही. ते बेवारस जहाजासारखे धरले जाऊ शकते. म्हणजे दोन झेंडे असणे हे एकही झेंडा नसण्याइतकेच वाईट. जुनी नोंद चालू ठेवून नवी घेणाऱ्याला आपल्याजवळ दुहेरी संरक्षण आहे असे वाटते. प्रत्यक्षात असलेले एकेरी संरक्षणही तो गमावून बसतो. बेवारस ठरलेल्या जहाजावर कोणत्याही देशाच्या युद्धनौकेला चढून तपासणी करता येते, आणि त्याची बाजू मांडायला कोणताच देश बांधील नसतो.

हे नुसते पुस्तकी नाही, याला हॅम्बुर्गच्या आंतरराष्ट्रीय सागरी न्यायाधिकरणातले दोन खटले साक्ष आहेत. ‘सायगा’ हे इंधन पुरवणारे जहाज ऑक्टोबर 1997 मध्ये गिनी देशाने पकडले, तेव्हा सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडीन्स या देशाने दिलेल्या त्याच्या हंगामी नोंदणीची मुदत सप्टेंबरमध्येच संपलेली होती आणि कायम दाखला नोव्हेंबरमध्ये मिळायचा होता. या फटीवर गिनीने बोट ठेवले. पण सेंट व्हिन्सेंटने सुरुवातीपासून जहाज आपलेच असल्याचे सांगितले होते आणि वागणूकही तशीच ठेवली होती. ते पाहून 1999 च्या निकालात न्यायाधिकरणाने नोंदणी ग्राह्य धरली आणि 21 लाख डॉलरहून अधिक भरपाई देवविली. ‘ग्रँड प्रिन्स’ या मासेमारी जहाजाचे मात्र उलटे झाले. डिसेंबर 2000 मध्ये केर्गेलेन बेटांजवळ फ्रान्सने ते पकडले. बेलीझने दिलेला त्याचा हंगामी परवाना त्यानंतर काही दिवसांतच संपला, आणि पुढे बेलीझच्याच कार्यालयांची पत्रे एकमेकांशी जुळेनात : एकात नोंद रद्द केल्याचा सूर, दुसऱ्यात ती कायम असल्याचा. एप्रिल 2001 मध्ये न्यायाधिकरणाने सांगितले की जहाज बेलीझचे होते हेच सिद्ध होत नाही, तेव्हा जहाज सोडवण्याचा हा अर्ज आम्हाला ऐकताच येत नाही. कागदात फट दोघांच्याही होती. एकाच्या मागे देश ठाम उभा राहिला, दुसऱ्याची नोंद आहे की नाही हे खुद्द त्या देशालाच एका तोंडाने सांगता आले नाही.

मोटार दुसऱ्या राज्यात नेताना जुन्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, तसेच जुनी नोंद रद्द झाल्याचे प्रमाणपत्र इथे लागते. फरक इतकाच की दोन आरटीओंच्या डोक्यावर एकच देश असतो आणि चूक झाली तर ती निस्तरायला एक वरिष्ठ सापडतो. दोन देशांच्या नोंदणी कार्यालयांवर असा वरिष्ठ कोणीच नाही. म्हणून जुन्या वहीत काय लिहिले आहे ते खरेदीदारालाच आधी पाहावे लागते. ब्रिटनमधली व्यवस्था यासाठी उपयोगी उदाहरण आहे. तिथल्या नोंदणीचा पहिला भाग मालकी सिद्ध करतो : जहाजाचे 64 हिस्से धरतात, गहाण नोंदवतात, टनभार मोजून घेतात आणि अधिकृत क्रमांक नौकेवर कायमचा कोरायला लावतात. जुन्या नौकेसाठी आधीच्या विक्रीखतांची साखळीही मागतात. तिसरा भाग 24 मीटरपेक्षा लहान खासगी नौकांसाठी आहे. तो स्वस्त आणि झटपट, पण त्याने मालकी सिद्ध होत नाही आणि गहाणही तिथे नोंदत नाहीत. झेंडा दोन्हींचा तोच, पण त्यामागचा पुरावा वेगळा. तेव्हा विक्रेत्याने असा हलका दाखला दाखवला, तर नौकेवर कर्ज नाही असे त्यातून मुळीच ठरत नाही. शिवाय खलाशांचे थकलेले पगार, संकटात केलेल्या मदतीचा मोबदला, टकरीची भरपाई अशी काही सागरी देणी मालक बदलला तरी नौकेलाच चिकटून राहतात. झेंडा बदलल्याने ती धुऊन निघत नाहीत.

जुन्या झेंड्याचा आणखी एक अवशेष नौकेच्या यंत्रांत असतो आणि त्याकडे कागदपत्रांपेक्षाही कमी लक्ष जाते. नौकेच्या रेडिओला नऊ आकडी ओळख क्रमांक असतो. त्याला एमएमएसआय म्हणतात. त्यातले पहिले तीन आकडे देशाचे : भारताचे 419, ब्रिटनचे 232 ते 235, फ्रान्सचे 226 ते 228. मोठ्या जहाजाचा आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक जन्मभर तोच राहतो, पण हा क्रमांक झेंड्याबरोबर बदलावा लागतो. बऱ्याच व्हीएचएफ रेडिओ संचांत तो एकदा भरला की मालकाला परत बदलता येत नाही, संच विक्रेत्याकडे किंवा कंपनीकडे पाठवावा लागतो. बुडताना उपग्रहामार्फत हाक देणाऱ्या ईपर्ब या उपकरणातही देशाचा संकेतांक असतो. नवा झेंडा लावला आणि आतले आकडे जुनेच राहिले, तर संकटाची हाक जुन्या देशाच्या यादीत शोधली जाईल, आणि तिथे जुन्या मालकाचे नाव व फोन सापडेल. शोधकार्याचा पहिला तास कोणत्या माहितीवर जाईल, हे यावर ठरते.

यावर पहिला आक्षेप असा : हे सगळे तेलवाहू जहाजांचे आणि मासेमारीच्या ताफ्यांचे प्रश्न, दहा मीटरच्या हौशी नौकेला कोण अडवणार? युद्धनौका अडवणार नाही, हे खरे. पण करारातल्या या कलमांत आकाराची मर्यादा नाही, आणि लहान नौकेची परीक्षा बंदरात, कस्टम्समध्ये आणि विमा कंपनीच्या टेबलावर होते. अपघातानंतर भरपाई मागताना मालक कोण आणि नौका कोणत्या देशाची, हे प्रश्न आधी येतात. दुसरा आक्षेप : नोंद रद्द करणे हे विकणाऱ्याचे काम, घेणाऱ्याचा काय संबंध? नियमाने ते बरोबर आहे आणि अडचण नेमकी तिथेच आहे. अर्ज वहीतल्या मालकाचा लागतो, आणि पूर्ण पैसे मिळाल्यावर त्या मालकाला घाई उरत नाही. तोटा मात्र नव्या मालकाचा होतो.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. देश आपला झेंडा कोणालाही देऊ शकतो, तर एखाद्या स्वस्त आणि सैल नोंदवहीत नाव घालून मोकळे का होऊ नये? या मताला जुना आधार आहे. मस्कतच्या सुलतानाच्या प्रजेतले काही गलबतवाले फ्रेंच झेंडा लावत. त्यावरून झालेल्या वादात 1905 मध्ये हेगच्या लवादाने तत्त्व मान्य केले की आपला झेंडा कोणाला द्यायचा ते सामान्यतः ज्याने त्याने ठरवावे. ‘सायगा’च्या निकालानेही ‘खरा संबंध’ ही अट दुसऱ्याचा झेंडा नाकारण्याचे हत्यार म्हणून वापरू दिली नाही. तेव्हा स्वस्त झेंडा बेकायदा नाही. पण तो सगळे प्रश्न सोडवतो हा भ्रम आहे. कर झेंड्यावर ठरत नाही : युरोपीय संघात मूल्यवर्धित कर भरला आहे का, हा प्रश्न वेगळा, स्पेनमध्ये कायम राहणाऱ्याला परदेशी झेंड्याखालीही तिथला नोंदणीकर चुकत नाही. आणि नवा झेंडा कितीही सैल असला तरी जुना आपोआप उतरत नाही.

मालकी आधी बदलते, झेंडा मागून, हाच क्रम भारताच्या बाबतीतही दिसतो. मुंबई-लंडन मार्गावर 5 एप्रिल 1919 रोजी निघालेली ‘लॉयल्टी’ ही नौका जुनीच होती : आधी कॅनडियन पॅसिफिक कंपनीची, मग ग्वाल्हेरच्या महाराजांची, आणि मग वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीची. मालकी भारतीय झाली, पण झेंडा ब्रिटिशच राहिला, कारण भारताची स्वतंत्र नोंदवही तेव्हा नव्हती. ती 1958 च्या व्यापारी नौवहन कायद्याने पक्की झाली. त्यात जहाजाचे 64 नव्हे तर दहा हिस्से धरले, आणि परदेशात घेतलेले जहाज भारतात आणण्यासाठी तिथल्या भारतीय वाणिज्य दूताने सहा महिन्यांपर्यंतचा हंगामी दाखला देण्याची सोय केली. 2025 मध्ये संसदेने त्याजागी नवा कायदा मंजूर केला. मात्र असा हंगामी दाखला मायदेशी पोहोचण्यापुरता असतो, आणि ‘ग्रँड प्रिन्स’ची गोष्ट अशाच हंगामी कागदाच्या शेवटच्या दिवसांत घडली.

म्हणून परदेशात जुनी नौका घेणाऱ्याने खरेदीच्या करारात तीन अटी घालून घ्याव्यात. जुन्या वहीचा ताजा उतारा गहाणासह पाहायला मिळावा. नोंद रद्द करण्याचा अर्ज विक्रेत्याने विक्रीखताबरोबरच सही करून द्यावा. आणि रद्द झाल्याचे प्रमाणपत्र येईपर्यंत किमतीचा काही भाग त्रयस्थाकडे राहावा. विक्रेत्याला हे मान्य नसेल, तर नौका कितीही देखणी असली तरी ती घेऊ नये.

(पुढील लेखांकात : विमा कंपनी नौकेची पाहणी कशी करते)