मरण कॅटमध्ये कुठं ठेवायचं?

टॅरोच्या कॅटमध्ये ७८ पत्ते. त्यातले तीन काढून ओळीनं मांडले, तर ४,५६,४५६ वेगवेगळ्या ओळी होतात. पत्ता सुलटा पडला की उलटा हेही धरलं, तर आकडा ३६,५१,६४८ वर जातो. ओळीला एक गोष्ट म्हटली तरी एका जन्मात सांगून संपणार नाहीत, आणि कॅट खिशात मावतो.

या कॅटवर गोष्ट रचण्याचे खेळ तयार करणारी मंडळी आहेत. रोलप्लेइंग गेम म्हणतात तो हा प्रकार. चार-पाच भिडू टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एकेक पात्र होतो, आणि संहिता कुणाच्याच हातात नसते. ती बोलता बोलता घडत जाते. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला, तेव्हापासून अशा खेळांत ‘आता काय होणार’ हे ठरवण्याचं काम बहुतेक वेळा फाशांकडे असतं. मग पत्ते कशाला?

कारण फाशाला आठवण नसते. दहा वेळा सहा पडला नाही, म्हणून अकराव्या खेपेला तो पडण्याची शक्यता तसूभरही वाढत नाही. काढलेला पत्ता मात्र परत घातला नाही, तर उरलेला कॅट दर वेळी वेगळा असतो. टॅरोतले हुकमाचे २२ पत्तेच घेतले, तर पहिल्याच पत्त्याला ‘मृत्यू’ निघण्याची शक्यता २२ त एक. अकरा पत्ते होऊन गेले आणि तो आला नाही, की ११ त एक. दोनच उरले की निम्मी. तो खाली कुठंतरी आहे, हे टेबलावरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं. गोष्टीला लागणारा ताण निव्वळ मोजणीतून तयार होतो, याचं मला अजून नवल वाटतं.

अव्हेरी आल्डर यांनी ‘द क्वाएट इयर’ या खेळात ही युक्ती साध्या बावन्न पत्त्यांवर केली आहे. आठवड्याला एक पत्ता, ऋतूला एक रंग. इस्पिक म्हणजे हिवाळा, तो शेवटी. इस्पिकचा राजा निघाला की खेळ तिथंच थांबतो. वस्तीची गोष्ट हिवाळ्यात संपणार हे पक्कं. कोणत्या आठवड्यात, ते मात्र कॅटलाच माहीत.

टॅरो मुळात खेळच होता. पंधराव्या शतकाच्या मध्यावर उत्तर इटलीतल्या दरबारांत हे पत्ते रंगवले गेले ते हात करण्यासाठी, हुकूम टाकून दुसऱ्याचा राजा मारण्यासाठी. पेले, तलवारी, नाणी आणि सोटे हे त्यांचे चार रंग मामलूक काळातल्या इजिप्तच्या पत्त्यांवरून आले. तिथं सोट्याच्या जागी पोलोची काठी होती. युरोपला पोलो ठाऊक नव्हता. हे पत्ते प्राचीन इजिप्तच्या ज्ञानाचे आहेत, असं अंत्वान कूर द जेब्लँ यांनी पॅरिसमध्ये १७८१ साली पुराव्याशिवाय लिहिलं, आणि भविष्यवाल्यांची चलती सुरू झाली. त्याच्या कितीतरी आधी, सोळाव्या शतकात, इटलीतले कवी दरबारातल्या एकेका स्त्रीला एकेक हुकमाचा पत्ता बहाल करून त्यावर कविता रचत होते. पत्त्यावरून माणूस रंगवणं ही करमणूक तेवढी जुनी आहे.

जाता जाता एक आपल्याकडचा नियम. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात १२० गोल पत्ते आणि दहा अवतारांचे दहा रंग असतात. दिवसा डाव मांडला तर सुरुवात रामाच्या राजानं, रात्री मांडला तर कृष्णाच्या. खिडकीबाहेरचा उजेड थेट नियमात आणला! खेळ रचणाऱ्यांनी यातून शिकावं.

पण गोष्टीसाठी टॅरो इतका सोयीचा झाला तो पामेला कोलमन स्मिथ यांच्यामुळे. १९०९ मध्ये लंडनमध्ये निघालेल्या कॅटची चित्रं त्यांची. त्याआधी बहुतेक कॅटांत पंजी म्हणजे पाच पेले, छक्की म्हणजे सहा तलवारी, एवढंच असायचं. स्मिथ नाटकाच्या जगात वावरलेल्या, जमैकाच्या अनान्सीच्या गोष्टी सांगणाऱ्या. त्यांनी अंकांच्या चाळीस साध्या पत्त्यांनाही प्रसंग दिले. तलवारींची छक्की बघा: नावाडी होडी लोटतोय, पुढ्यात डोक्यावरून पांघरलेली बाई, शेजारी मूल, आणि होडीत सहा तलवारी उभ्या रोवलेल्या. हे कुठून निघालेत? तलवारी उपसल्या तर भोकांतून पाणी आत येईल का?

खेळ रचणाऱ्याची कसोटी इथं लागते. ‘पेल्यांची पंजी म्हणजे दुःख’ असा तक्ता छापला की भिडू चित्र सोडून तक्ता वाचतात. त्या चित्रात काळ्या झग्यातला माणूस तीन सांडलेल्या पेल्यांकडे बघतोय आणि त्याच्या पाठीशी दोन पेले शाबूत उभे आहेत. नियमानं एवढंच विचारावं: ते दोन कुणाचे, आणि त्याला कुणी सांगितलं नाही का? उत्तर देणारा आपसूक गोष्टीत शिरतो.

याची कमाल इटालियन लेखक इतालो काल्व्हिनो यांनी केली. त्यांच्या ‘क्रॉस्ड डेस्टिनीज’च्या पुस्तकातल्या किल्ल्यात जंगल ओलांडून आलेल्या प्रवाशांची वाचा गेलेली असते; ते टॅरोचे पत्ते मांडून आपापली हकिगत सांगतात. एकाची ओळ दुसऱ्याच्या ओळीला छेद देते, आणि तोच पत्ता आडव्या वाचनात एक अर्थ सांगतो, उभ्या वाचनात दुसरा. पुढं त्यांनी मार्सेयच्या कॅटवर एक खानावळही उभी केली आणि १९७३ मध्ये दोन्ही एकत्र छापली. होरपळलेल्या चित्रकथांवरून गोष्टी सांगणारं तिसरं, मोटेलचं प्रकरण मनात होतं. ते लिहिलं गेलं नाही.

किल्ल्यासाठी त्यांनी वापरलेल्या व्हिस्कोंती-स्फोर्झा कॅटचे आज ७४ पत्तेच उरलेत. हरवलेल्या चारांत ‘सैतान’ आणि ‘मनोरा’ आहेत. एवढे दोन भारी हुकूम नसतानाही गोष्टी अडत नाहीत. त्यावरून मला वाटतं, बावीस हुकूम पिसून दोन पत्ते न बघता बाजूला ठेवावेत आणि मगच डाव मांडावा. ‘मृत्यू’ त्या दोनांत असण्याची शक्यता ११ त एक. म्हणजे शेवटच्या पत्त्यापर्यंत मोजत बसलेल्यालाही खात्री नाही. तो निघालाच नाही तर गोष्ट कुणी आणि कशी संपवायची, हा नियम मात्र आधीच लिहून ठेवायला हवा. नाहीतर भिडू पहाटेपर्यंत उठायचे नाहीत.